गोदाबाईच्या हातची पेरणी

आमच्या गावात गोदाबाईसारखी पेरणारी नव्हती. शेणमातीत चोळलेली सरकी तिच्या मुठीतून तिफणीच्या औतामागं धरलेल्या नळीत अशी पडायची, की उगवलेलं तास, ती रोपांची ओळ, पाहून लोक विचारत, "दोरी धरली होती काय व?"

"दोरी तुमाले लागते बाप्पा, मले नाई."

तिचा नवरा सहदेव खुशालराव पाटलांचा गाडीवान. त्या साली कुठल्याशा दूरच्या लढाईमुळं कापसाला सोन्याचा भाव आला होता. भाव चढला की खुशालराव खाकरत. ते खाकरणं गावातली बारकी पोरंसुद्धा हुबेहूब काढून दाखवत. "ख्खं... थांबा. आनखी चढन." थांबता थांबता ज्येष्ठ लागला. रेल्वे अजून खानदेशापर्यंतच आली होती. तिथवर बैलगाडीशिवाय सोय नव्हती.

"पानी तोंडावर आलं न," गोदाबाई म्हणाली.

"येऊ दे," कापसाची गाडी जुंपत सहदेव म्हणाला, "चूल पेटली का दारातला वारा तिकडं ओढल्या जाते का नाई? तशी भुई तापली का समुद्रावरचा वारा ढग घेऊन इकडं धावते. मी त्याच वाटेनं चाल्लो. मले भेटल्याबिगर तो तुयाकडं येते कुठं?"

तो गेला आणि आठवड्याच्या आत आभाळ फुटलं. काळ्या जमिनीच्या भेगा मिटल्या, मग पायातला जोडा जागीच राहील असा चिखल झाला. उघाड पडली आणि माती वाफशावर आली, ना ओली ना कोरडी. एवढ्यात पेरलं तर पेरलं. पुढं ऊन लागलं की ढेकळं.

त्याच पहाटे सहदेवच्या मागच्या गाडीवरचा माणूस पाटलांच्या वाड्यावर पायी परतला. पूर्णा नदीला एकाएकी लोंढा आला होता. सहदेव गाडीबैलांसकट वाहून गेला. नदीच्या खालच्या अंगाला सापडला, तिथंच त्याला अग्नी दिला.

पेरणीची पहिली मूठ सवाशिणीनं सोडायची, ही गावची रीत, आणि ती मूठ दरसाल गोदाबाईची. खुशालराव या खेपेला खाकरले नाहीत. "पेरनी होऊ द्या," ते हळूच म्हणाले, "गोदाले मंग सांगू."

वावरात माणिकबाई पाटलिणीनं गोदाबाईची ओटी भरली. कुंकू लावताना तिचं बोट थरथरलं.

"काहून व बाई, कापून राहिल्या?"

"वारा हाये."

"वावरात वारा नाई त काय घरात असन?" गोदाबाई हसली आणि तिफणीमागं लागली. दिवसभर तिनं एकटीनंच गाणी म्हटली. बायका गप्प. "काय व, मयताले आल्यावानी तोंडं करून काहून चाल्ल्या?" तिनं चिडवलं. एकीनं पदर डोळ्याला लावला. "कचरा गेला," ती म्हणाली.

शेवटचं तास संपलं तेव्हा माणिकबाईनं सांगितलं.

गोदाबाई बांधावर बसली. मग म्हणाली, "मले हासू काहून दिलं?"



तासं सरळ उगवली. बोंडं फुटली, वावर पांढरं झालं, पण गोदाबाई वेचणीला आली नाही. पाटलांनी माणूस पाठवला, मजुरी वाढवली. शेवटी माणिकबाई स्वतः तिच्या दारी गेली.

गोदाबाईनं तिला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"तुमीच वेचा, बाई," ती म्हणाली.