तिचं वय

पन्नाशीत मला मोठा गर्व होता, की माणसाचं वय मी चेहऱ्यावरून अचूक ओळखते. सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी शेजारी उभ्या पांढऱ्या केसांच्या बाईला ऐटीत म्हणाले, "आजी, बसा इथं." माझे केस कलपाने काळेभोर.

ती हसली. "चाळीस पुरी न्हाईत की अजून."

मी ओशाळले. बोलता बोलता कळलं, लहानपणापासून ती घरी तंबाखूच्या विड्या वळत होती. हातात पान नसतानाही तिची बोटं वळतच होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड समजावलेलं मी कान लावून ऐकलं. "जनुकं जन्मतः मिळाली तीच आहेत तुमची. पण तंबाखूची धूळ, अर्धपोट, सततची काळजी यांनी त्यातली कुठली जागी राहायची नि कुठली निजायची ते बदलतं. शरीर लवकर थकतं."

"माजी पोरगी अकराची हाय. शाळंतनं आली की सासू तिला वळाय बसवती. तिचं बी असंच व्हनार?"

"आत्ताच थांबवलंत, तर बरंच सावरेल."

ती बाहेर आली. मी भोचकपणे विचारलं, "सासूबाई ऐकतील?"

पदर खोचत ती म्हणाली, "सासू बी आठव्या वर्षापासनं वळतीया, मावशी. तिला समजावीन, न्हाईतर भांडीन. पन पोरगी उद्यापासनं खेळाय जाईल."