अकरा चिठ्ठ्या

सोमवारी सकाळी सात वाजता स्वरूपाने कॉफी मशीनशेजारचा पुठ्ठ्याचा डबा उघडला. आठवडाभर तो डबा तिथे होता. बसचालकांच्या नव्या स्क्रीनसाठी सुचेल ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता आत टाकायचं, एवढंच सहाजणांना सांगितलं होतं. निघाल्या दोन चिठ्ठ्या. एकीवर बारीक अक्षरात होतं, ‘मागच्या दाराचा आवाज काढून टाकू नका.’ दुसरीवर, ‘कॉफी मशीन साफ करा.’

स्टुटगार्टच्या त्या कंपनीत हे सहा डिझायनर आणि इंजिनियर तिच्या हाताखाली होते. हाताखाली म्हणायचं आपलं. ती पुढे उभी राहून बोलायची आणि ते मूग गिळून बसायचे. गेल्या महिन्यात वरिष्ठ फ्राऊ लिंडनर तिला शांतपणे म्हणाल्या होत्या, “मला तुमच्या कल्पना नकोत, टीमच्या हव्यात. सोमवारच्या वर्कशॉपला मी मागे बसेन.” शुक्रवारी तिची प्रोबेत्साइट, म्हणजे कच्च्या नोकरीचे सहा महिने, संपत होती. नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने दुसरी शोधायला तीन महिने, नाही तर गाशा गुंडाळा. नवऱ्याची, सत्यजितची, डार्मश्टाटची पीएचडी संपत आलेली, त्याच्या हाती अजून काही नाही. छोटी अन्वी तर किंडरगार्टनमध्ये आत्ता कुठे रडायची थांबली होती.

स्वरूपाला दुसऱ्याचं गप्प बसणं कधीच सोसलं नाही. नाशिकच्या शाळेत चौघींनी मिळून करायचा तक्ता ती एकटी घरून करून आणायची आणि खाली चौघींची नावं घालायची. पुण्याच्या कंपनीतही तिने तेच केलं. तिथे त्याला लीडरशिप म्हणाले आणि बढती दिली. आता सहाजणांचा जवळजवळ रिकामा डबा समोर आल्यावर तिचा हात आपोआप पेनाकडे गेला. एक चिठ्ठी हिरव्या शाईने, एक ठळक मार्करने, दोन तर डाव्या हाताने. अशा अकरा चिठ्ठ्या तिने खरडल्या आणि भिंतीवर लावल्या. मागच्या दाराची चिठ्ठी अगदी खाली कोपऱ्यात गेली. ती कल्पना नव्हे, हट्ट आहे, असं तिला वाटलं.

साडेआठला सगळे आले. भिंतीपुढे उभे राहिले, वाचू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी खोकलं तरी स्वरूपा दचकायची. तीस वर्षं नोकरी झालेले इंजिनियर ब्रेनर चष्मा कपाळावर सारून एकेक चिठ्ठी नाकाजवळ नेऊन बघत होते. मनातल्या मनात ती त्यांना ब्रेनरकाका म्हणे. आज ते काका वाटत नव्हते.

कॉफीच्या सुट्टीत तिने जिन्यात जाऊन सत्यजितला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“अगं, कुणाला कळणारे?” तो म्हणाला. “आल्झो, म्हणजे, नावं नाहीयेत ना त्यावर?”

“नाहीयेत रे. पण मला फार भीती वाटतेय.”

“मग बोलू नकोस काही. चारला वर्कशॉप संपेपर्यंत ढकल.”

ढकलता आलं असतंही. पण मतदान झालं आणि सगळ्यात जास्त लाल टिकल्या एका चिठ्ठीवर बसल्या: ‘14 आवाज नकोत, फक्त 1.’ चालकाच्या कानाशी दिवसभर चौदा वेगवेगळे इशारे वाजतात, म्हणून तो एकही ऐकत नाही, अशी ती कल्पना. चांगलीच होती. आणि नियम स्वरूपानेच फळ्यावर लिहिलेला: जिंकलेली चिठ्ठी ज्याची, त्याने उठून समजवायची.

“कुणाची आहे?” फ्राऊ लिंडनरनी मागून विचारलं.

कुणी उठलं नाही. स्वरूपाला वाटलं, कुणीतरी खोटं बोलावं, आग लागावी, काहीही व्हावं. आपल्याच तोंडून काय निघालं ते तिला उशिरा कळलं.

“माझी आहे. ही, आणि आणखी दहा. डबा जवळजवळ रिकामा होता. मी घाबरले.”

ब्रेनर उठले. चिठ्ठीतल्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. “आम्ही जर्मन लोक एकाच्या आकड्याला वर टोपी घालतो. तुमचा एक म्हणजे नुसती काठी. साडेआठलाच कळलं सगळ्यांना.”

“मग बोलला का नाहीत?”

“भिंत भरलेली होती,” ब्रेनर म्हणाले. “जागा कुठे होती?”

स्वरूपाला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. ब्रेनर खाली वाकले आणि कोपऱ्यातली चिठ्ठी काढून वर लावू लागले.

“चौदाच्या चौदा आवाज मीच बसवले,” ते म्हणाले. “हा मागच्या दाराचा पहिला. चाचणीच्या बसमध्ये होतो मी. एका आजींचा कोट मागच्या दारात अडकला आणि बस निघाली. वाचल्या त्या. पण तेरा काढताना हा चुकून निघेल, याची मला रोज भीती वाटते.”

आता काहीतरी बोलून त्यांना धीर द्यावा, असं स्वरूपाच्या अगदी ओठांवर आलं. पण तिने आपल्या अकरा चिठ्ठ्या उतरवल्या, मार्कर ब्रेनरांच्या हातात दिला आणि खुर्चीत बसली. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग कोपऱ्यातल्या एका मुलीने विचारलं, “तो एकच आवाज दाराचा ठेवला तर?” त्यावर दुसरा तिच्याशी भांडायला उठला.

शुक्रवारी फ्राऊ लिंडनरनी पक्क्या नोकरीचा कागद पुढे सरकवला. “जे केलंत ते पुन्हा चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण ब्रेनर माझ्याशी हे कधीच बोलले नव्हते. इथे सही, आणि तारीख.”

तारीख अकरा होती. स्वरूपाने दोन काठ्या काढल्या, टोपीशिवाय.