पडद्याच्या अलीकडं

आमचं घर मुरुमजवळच्या एका गावातल्या लहानशा दर्ग्याच्या मुजावरांचं. अब्बा कुराण फार सुरेख वाचत. पण वाचायचं म्हणजे अरबी शब्द म्हणायचे, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. अर्थ विचारायची चाल नव्हती.

मी सोलापूरला कॉलेजात जाऊ लागलो. घराण्यात कॉलेज पाहणारा मी पहिलाच. दुसऱ्या वर्षी रमजान उन्हाळ्यात आला आणि मी सुट्टीला घरी होतो. शेजारचे शेतकरी काका संध्याकाळी खळ्यावरून परतताना आमच्या ओट्यावर टेकायचे. अब्बांची आणि त्यांची लहानपणापासूनची दोस्ती. एकदा ते म्हणाले, "मुजावर, आमच्यात पोथी लावली की एकजण वाचतो अन् एकजण अर्थ सांगतो. तुमचं आपलं नुसतं वाचणंच. पोरगं एवढं शिकलंय, त्याला बसवा की अर्थाला."

अब्बा हसले. "त्याला काय येतंय? सोलापूरला जाऊन केस वाढवून आलाय." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हातपाय-तोंड धुऊन, वजू करून बसायला सांगितलं.

असं सुरू झालं. अब्बा ओट्यावर बसून कुराणातल्या आयती म्हणत आणि मी कॉलेजातल्या मित्राकडून आणलेला उर्दू तर्जुमा बघून मराठीत सांगे. दाराला पडदा असे. त्याच्यामागं अम्मी आणि आपा बसत.

आपा माझी मोठी बहीण. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली होती. उमरग्याच्या एका शिंप्यानं, त्याचीही बायको वारलेली, मावशीकरवी तिला मागणी घातली होती. अब्बांनी एका वाक्यात मोडता घातला होता, "मुजावरांच्या घरात बाईचा निकाह दोनदा होत नाही. दीनधर्माची लाज आहे काही." आपा तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, म्हणून तिचं मन काय म्हणतंय ते कुणाला कळलं नाही.

मी रोज उद्याच्या आयती आदल्या दिवशी वाचून ठेवी. एका दुपारी वाचता वाचता मी ओळीवर बोट ठेवून थांबलो. पुढं विधवांबद्दल होतं. वगळावं का, असं मनात आलं. अब्बांना कळलंही नसतं. पण मग पडद्यामागं बसणाऱ्यांसाठी मी कशाला बसलो होतो?

त्या संध्याकाळी अब्बांनी नेहमीसारखा गळा साफ केला आणि ती आयत म्हटली. इतकी गोड म्हटली की काकांनी मान डोलावली. मग सगळे माझ्याकडं बघू लागले.

मी सांगितलं, "नवरा वारला तर बाईनं चार महिने दहा दिवस थांबायचं. ती मुदत सरली की रीतीला धरून ती स्वतःबद्दल जे ठरवील, त्याचा दोष तुमच्यावर नाही."

"तुमच्यावर म्हणजे कुणावर?" काकांनी विचारलं.

मी अडखळलो. "म्हणजे... मला वाटतं, घरच्या माणसांवर. बाप, भाऊ. बाईनं ठरवायचं आणि आपण अडवायचं नाही, असं असावं. हे पडद्यामागच्यांना नाही, आपल्यालाच सांगितलंय."

"म्हंजे दुसरं लग्न चालतंय?"

"चालतं, काका."

काकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आमच्या भावकीत बी चालत न्हाई. तुमच्या पोथीत चालतंय, तरी तुमच्यात न्हाई. मग ही लाज आणली तरी कुठनं दोघांनी?"

अब्बा रागावले. "तर्जुमा चुकीचा असंल."

"असेल, अब्बा. मी काही धर्म शिकलेला आलिम नाही. तुम्ही मुरुमच्या मौलवीसाहेबांना विचारा. मी येतो बरोबर."

अब्बांनी पुन्हा तीच आयत म्हटली, या वेळी हळू, सूर न लावता, एकेक शब्द तपासून बघावा तशी. मग पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "बेटी, ऐकलंस का?"

आपा आमच्यासमोर कधी मोठ्यानं बोलत नसे. "मी ऐकलं, अब्बा," आतून आवाज आला. "तुम्ही ऐकलं का?"

अम्मीनं तिला दटावलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता अब्बा उठून जातील. इतक्यात मशिदीतून अजान आली. त्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्याले, आणि बराच वेळ बी हातात धरून बसले.

काका उठून पागोटं घालू लागले तेव्हा अब्बांनी विचारलं, "बाजारला उमरग्याला गाडी जुंपणार का तुम्ही?"

"जुंपणार की. काय आणायचंय?"

"आणायचं काही नाही," अब्बा म्हणाले. "मी येतो."