वाकड्या दाताचा सूर

माझा थोरला भाऊ सॅक्सोफोन वाजवतो. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, "कुठल्या बँडमध्ये?" आणि लगेच नाचायच्या गाण्यांचा विषय काढतो. दादा तसलं वाजवत नाही. तो पाश्चात्त्य शास्त्रीय वाजवतो. मोठ्या वाद्यवृंदात, काळा कोट घालून, पुढ्यात स्वरलिपीचे कागद ठेवून. हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांना म्हशीला पंख फुटल्याचं सांगितलंय.

त्यांचंही चुकत नाही. हे वाद्य जन्मालाच उशिरा आलं. तोवर मोठमोठे संगीतकार आपापलं लिहून मोकळे झाले होते. त्यामुळे वाद्यवृंदात व्हायोलिनवाल्यांच्या रांगा असतात, पण सॅक्सोफोनला कायमची खुर्ची नसते. ज्या रचनेत त्याचं काम असेल तेवढ्यापुरतं बोलावणं येतं. दादा जातो, मागच्या रांगेत बसतो, चार ओळी वाजवतो आणि घरी येतो. तिथं सगळे त्याला 'पाहुणा' म्हणतात. एरवी तो संगीतशाळेत शिकवतो, त्यावर घर चालतं.

आमच्या बाबांची लाँड्री होती, आता ती मी बघते. शाळेच्या बँडमध्ये सगळ्यांनी बासऱ्या आणि ढोल पटकावले आणि उशिरा पोचलेल्या दादाच्या वाट्याला हे वाकडं पितळी धूड आलं. घरी त्यानं पहिल्यांदा फुंकलं तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी पडलं. बाबांनी दादाला लाँड्रीच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं दोरीवर ओल्या चादरी वाळत घातलेल्या असायच्या. "इथं वाजव," बाबा म्हणाले, "या चादरी आवाज पिऊन टाकतील." त्या चादरींच्या मध्ये उभा राहून दादा शिकला. आवाजातलं कर्कश ते सगळं खरंच त्या चादरींनी पिऊन टाकलं असावं, कारण उरलं ते फार गोड उरलं. ही देवाची देणगी, असं मी मनात म्हणते. दादापुढं म्हणत नाही, तो म्हणतो, "मग मी काय नुसता उभा होतो?"

दादाचा वरचा पुढचा एक दात लहानपणापासून वाकडा, शेजारच्या दातावर रेललेला. वहिनी लग्नापासून त्याच्या मागे लागली होती. "अहो, तेवढा दात सरळ करून घ्या. हसलात की वाटतं, दारात कुणी तिरकं उभं आहे."

"मागच्या रांगेत कोण बघतंय?" दादाचं ठरलेलं उत्तर.

यंदा मात्र वाद्यवृंदाच्या संचालकांनी त्याला बोलावून घेतलं. ते म्हणाले, "पाहुणे, या हंगामात एक अख्खी रचना सॅक्सोफोनची घेतोय. तुम्ही पुढे उभं राहायचं, बाकी सगळे तुमच्या मागे."

दादा घरी आला तो सरळ लाँड्रीत. मी इस्त्री करत होते. तो नुसता म्हणाला, "पुढे उभं राहायचंय," आणि खुर्चीवर बसून राहिला. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि आजवर त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी इस्त्री बाजूला ठेवून मनातल्या मनात हात जोडले.

आणि त्याच आठवड्यात त्यानं दात मोडून घेतला. वाद्याच्या पेटीच्या पट्ट्याला गाठ बसली होती, ती दातांनी सोडवायला गेला. जन्मभर ज्या माणसानं तोंडाला जपलं, कडक काही म्हणून चावलं नाही, त्यानं गाठ दातांनी सोडवली! तो वाकडा दात मुळापाशी तुटून हातात आला. घाबरून त्यानं तो बेसिनमध्ये टाकला आणि वर पाणी सोडलं.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी खुंटावर नवा दात बसवायचं ठरवलं. त्यांनी विचारलंही, "पहिल्यासारखाच करू की सरळ?"

"सरळ!" वहिनी आणि दादा एकदमच म्हणाले. पुढे उभं राहायचं होतं, जाहिरातीसाठी फोटो काढायचा होता. दात झाला, फोटोही निघाला. फोटोत दादा असा हसत होता की आमच्या ओळखीचाच वाटेना.

घरी येऊन त्यानं वाद्य तोंडाला लावलं आणि बदक ओरडलं.

मंद्रातला सूर धरायला जावं तर हवा तोंडाच्या कोपऱ्यातून फुसकन निघून जायची, वरचा धरावा तर तो मधेच फाटायचा. सवय नाही म्हणून होतंय, असं आधी वाटलं. मग रीड बदलून पाहिली. रीड म्हणजे माउथपीसला, आपण फुंकतो त्या टोकाला, बांधलेली वेताची पातळ पट्टी. खोकाभर रीड्स वाया गेल्या. तालमीत संचालकांनी ऐकलं आणि त्याला बाजूला घेतलं. "पुढच्या सोमवारी पुन्हा बघू. नाहीतर ही रचना काढून दुसरी घ्यावी लागेल. माझा नाइलाज आहे, पाहुणे."

दादानं वाद्य पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर चढवली. "पाहुणा होतो तेच बरं होतं," तो म्हणाला. "हौस आली होती पुढे मिरवायची."

"मिरवायची हौस मीही लावली," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाही. तिनं स्टुलावर चढून पेटी खाली काढली आणि मऊ फडक्यानं वाद्य पुसायला घेतलं. एरवी दादा कुणाला हात लावू देत नाही, त्या दिवशी लावू दिला. माउथपीसवरून अंगठा फिरवताना ती थांबली.

"अहो, इथं खड्डा पडलाय."

"तो जुनाच आहे. वरचे दात तिथं टेकतात ना, वर्षानुवर्षं टेकून..."

दादा बोलता बोलता थांबला. त्यानं माउथपीस हातात घेऊन उजेडात धरलं. खड्डा सरळ नव्हता. एका अंगाला झुकलेला, तिरका होता. त्यात तो वाकडा दात कुलपात किल्ली बसावी तसा बसायचा, आणि त्या तिरकेपणावर त्याचा ओठ, गाल, श्वास, सगळं बेतलेलं होतं.

"अगं," तो म्हणाला, "आपण किल्लीच बदलली."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. दादानं पेटी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उघडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "इतकी वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ करतेय. सरळ दात वाकडा करा म्हणणारे तुम्ही पहिलेच." मग त्या गंभीर झाल्या. "पण जुन्या दाताचा साचा माझ्याकडे नाही हो. कशावरून करू?"

वहिनीनं माउथपीस पुढे केलं.

बाईंनी ते भिंगाखाली धरलं, त्या खड्ड्यात मऊ मेण दाबलं आणि अलगद बाहेर काढलं. मेणावर तो दात जसाच्या तसा उमटला होता. टोक तर होतंच, तिरकेपणाही होता. बेसिनमधून वाहून गेलेला दात वाद्यानं सांभाळून ठेवला होता. मी तर पुन्हा मनात हात जोडले.

नवा दात तयार झाला तेव्हा त्यांनी दादाला खुर्चीतच वाजवायला लावलं. त्या थोडं घासायच्या, दादा फुंकायचा, पुन्हा त्या घासायच्या. बाहेर बाकावर मी बसले होते. शेजारच्या आजोबांनी गालाला रुमाल लावला होता. पहिला आवाज आला तशी त्यांनी विचारलं, "आत त्याचं काय उपटतायत?"

"काही नाही आजोबा, बसवतायत."

"बसवताना एवढं? मग मी आपला घरी जातो."

ते उठलेच होते. तेवढ्यात आतून मंद्रातला तो सूर आला. लांब, भरलेला, कुठंही न गळणारा, चादरींमधला. आजोबा परत बसले. रुमाल तसाच गालाला होता, पण सूर संपेपर्यंत ते कण्हले नाहीत.

सोमवारी दादा तालमीला गेला. संचालकांनी पहिलं पान ऐकलं, ताल द्यायची छडी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "चला, पुढचं पान."

कार्यक्रमाच्या दिवशी दादा पुढे उभा राहिला. मधल्या संथ भागात तो एकटाच वाजवत होता आणि मागे अख्खा वाद्यवृंद हात आवरून बसला होता. मी डोळे मिटून घेतले होते. वहिनी मात्र टक लावून त्याच्या तोंडाकडेच बघत होती, जणू दात तिनंच धरून ठेवलाय. शेवटी टाळ्या थांबेनात. दादा हसला, तिरकं.

बाहेर दारापाशी जाहिरातीचा मोठा फोटो लावला होता, सरळ दातांचा. एक बाई कधी फोटोकडे तर कधी दादाकडे बघत होत्या. न राहवून त्यांनी वहिनीला विचारलं, "हे तेच ना?"

"छे," वहिनी फोटोकडे बोट दाखवत म्हणाली, "तो दोन दिवसांचा पाहुणा होता. आमचे हे."