बंद घराचा नळ

लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रेला जातात. मी आणि माझे यजमान स्कूटरवरून हडको-सिडकोच्या गल्ल्या पालथ्या घालत होतो. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्तीच्या पैशातून एखादं छोटं घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि ते फक्त माझ्या नावावर घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. यातलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं होतं. देवगाव रंगारीच्या आमच्या शेतावरचा हक्क मी वडील गेल्यावर महिन्याभरात सोडून दिला. भावांनी कचेरीत बोलावलं, कागद पुढे ठेवला, बोट दाखवलं तिथे मी सह्या केल्या आणि मग सगळ्यांनी मिळून रसवंतीत रस प्यायला. भावांवर माझा राग नाही, दरवर्षी नवी बाजरी अजूनही न मागता घरी येते. पण शेत भावांच्या नावावर, राहतं घर यजमानांच्या नावावर, आणि माझ्या नावावर म्हणाल तर गॅसचं कनेक्शन.

दलाल मला नको होता. दलाल दाखवतो ती घरं विकायला निघालेली असतात, म्हणजे भाव आधीच चढलेला. मला हवं होतं मालक दुसऱ्या गावी गेलेलं, कुलूप गंजलेलं, विकायचा विचार ज्याच्याबद्दल अजून कुणी धड केलेला नाही असं घर. ते स्वतः फिरल्याशिवाय सापडत नाही.

बंद घर ओळखायला लोक दारात अडकलेली लाइटची बिलं बघतात, वाळलेली तुळस बघतात. माझा त्यावर विश्वास नाही. तुळस माझ्याही घरी वाळते. माझी रीत वेगळी होती. आमच्या शहरात नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं. ज्या गल्लीचा पाण्याचा दिवस असतो, त्या गल्लीत त्या दिवशी तापाने फणफणलेला माणूससुद्धा उठून पाइप धरतो. मोटारी सुरू होतात, टाक्या भरतात, ओटे धुतले जातात. एवढ्या गडबडीत ज्या घरासमोर ओल नाही, ते घर बंद. कुठल्या वसाहतीला कधी पाणी येतं याची विचारपूस करून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायचे आणि त्या दिवशी आम्ही तिथे जायचो. यजमान म्हणायचे, "तू पाणीपुरवठा खात्यात असायला हवी होतीस."

त्यांचं काम स्कूटर चालवायचं. अनोळखी दार वाजवणं त्यांना मरणप्राय वाटतं, त्यामुळे ते स्कूटरवरच बसून राहायचे आणि मी चौकशा करायचे. सहा महिन्यांत आम्ही इतकी बंद घरं पाहिली की कुलपं बघून मला कंपन्या ओळखू यायला लागल्या.

ते घर मात्र आम्हाला पाण्याच्या दिवशी सापडलं नाही. एका बारशाहून परत येताना वाट चुकलो आणि एका उताराच्या गल्लीत शिरलो. गल्लीच्या अगदी शेवटी, उताराच्या तळाशी दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि दाराला कुलूप. मला ते बघताक्षणी आवडलं. लग्नाच्या वेळी यजमानसुद्धा इतक्या लवकर आवडले नव्हते.

समोर, जरा चढावरच्या घराच्या ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. पन्नाशीची असेल. तिला मी घराबद्दल विचारलं.

"ते व्हय?" ती म्हणाली. "ते नका घेऊ ताई. वादातलं हाय. चार भाऊ, कोर्टात केस. लई वर्सं झाली."

शेजारच्या खिडकीतून दुसरी बाई म्हणाली, "एक वकील तर मरून गेला."

यजमानांनी लगेच स्कूटर वळवली. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बस मागे."

मी बसले, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढे पाहिलेल्या प्रत्येक घरात मला कडुनिंब कमी वाटायला लागला.

दीड महिन्याने त्याच भागात पाण्याच्या दिवशी गेलो, तेव्हा मी हट्टाने स्कूटर त्या गल्लीत घ्यायला लावली. नुसतं बघायला. आणि बघते तर काय, त्या बंद घराच्या भिंतीवरून तीन पाइप बाहेर आलेले, एक समोरच्या घरात, दोन शेजारी. लसूणवाली बाई अंगणात नळाजवळ उभी. माझं डोकं असं फिरलं की स्कूटर थांबायच्या आत मी उतरले.

"काय हो, चार भाऊ पाणी भरायला गेलेत वाटतं?"

बाई दचकली, पण लाजली नाही. "नाय हो. मालक एकलाच हाय. म्हातारा माणूस, पुण्याला लेकीकडं असतो."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"गल्ली उताराची हाय, ताई. वर आमच्या नळाला करंगळीएवढी धार. इथं मोटारीबिगर टाकी भरती. नवा मालक आला की गेटाला कुलूप लावंल, मंग आम्ही काय करावं? सात गिऱ्हाइकं पळवली आम्ही. तुम्ही आठव्या."

मला भांडायचं होतं. चांगली तयारी करूनच उतरले होते. पण हसू आलं. तिच्या जागी मी असते तर दोन वकील मारले असते.

तिने चहा केला. ती फर्दापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातली, आता चार घरी स्वयंपाकाला जाते, हे चहासोबत कळलं. कप उचलताना तिने स्वतःहून मालकाचा नंबर दिला. "कधीतरी विकलं जाणारच हाय. त्यापरीस तोंडावर भांडणारी बाई आलेली बरी," ती म्हणाली.

मालक भला माणूस निघाला. खरेदीखताला ते लेकीला घेऊन आले. त्या कागदावर घेणार म्हणून फक्त माझं नाव होतं. यजमानांनी साक्षीदार म्हणून सही केली. मी तो कागद तिथेच उभ्याने तीनदा वाचला.

घर माझं झाल्यावरच्या पहिल्या पाण्याच्या दिवशी मी सकाळीच जाऊन बसले. नळाला पाणी आलं. भिंतीवर एकही पाइप नव्हता. तिघी आपापल्या दारात पाइपाची वेटोळी हातात घेऊन उभ्या होत्या. समोरची पुढे आली. गेट सताड उघडं होतं, तरी ती बाहेरच थांबली.

"ताई, पाणी घेऊ का?"

हो म्हणायचं मी चहाच्या दिवशीच ठरवलं होतं. पण माझ्या मालकीचं काहीतरी कुणी माझ्याकडे मागतंय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मला ते फार आवडलं. मी नळाकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं, पदर खोचला आणि काही न बोलता उभी राहिले.

"अवो ताई, पाणी जाईल ना!" ती काकुळतीला येऊन म्हणाली, तेव्हा कुठे मी "घ्या" म्हणाले.