बाबांचा खलनायकांचा गठ्ठा

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे तोक्योला राहायला आले, तेव्हा मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला दोन-तीन वर्षं झाली होती. ओजिमा भागातल्या आमच्या इमारतींमधली बरीच मराठी कुटुंबं तेव्हा गाशा गुंडाळून पुण्या-मुंबईला परत गेली होती, आम्ही राहिलो. "तुम्ही अजून तिथे काय करताय?" हा प्रश्न बाबांनी फोनवर इतक्या वेळा विचारला, की शेवटी मी चिडून म्हणाले, "या आणि स्वतःच बघा." ते खरंच आले. व्हिसा तीन महिन्यांचा होता.

बॅग उचलताना नवरा कमरेतून वाकला. मला वाटलं भाजणी, मेतकूट, लोणची असतील. निघाली कॉमिक्स. टेलिफोन खात्यात नोकरी करत असताना बाबांनी पुण्याच्या फुटपाथवरून आणि रद्दीच्या दुकानांतून अमेरिकन कॉमिक्स जमवली होती. कुणाला मुखपृष्ठ नाही, कुणाचं शेवटचं पान गायब. आई त्यांना 'माझ्या सवती' म्हणायची. हौसेला मोल नसतं हे खरं, पण तेवीस किलोंच्या बॅगेत मेतकुटाची एकच पुडी, याचा मला राग आलाच.

"नातीसाठी आणली," बाबा म्हणाले.

खरी अडचण ती नातच होती. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. मराठी तिला समजायचं, पण उत्तर जपानीत यायचं, आणि आजोबांना तर तेही मिळायचं नाही. मिशीवाला हा अनोळखी माणूस मोठ्याने बोलतो, मोठ्याने शिंकतो, म्हणून ती माझ्यामागे लपायची. बाबा जेवताना तिच्याकडे बघत राहायचे. आई गेल्यापासून त्या माणसाच्या घरात कुणाचा आवाज नव्हता. हे तीन महिने असेच गेले, तर ही दोघं आयुष्यभर एकमेकांना परकी राहतील, या विचाराने मला झोप लागत नसे.

कॉमिक्सनी थोडी वाट काढली. चित्रं बघायला ती जवळ येऊन बसू लागली, आणि बाबांना तेवढंच हवं होतं. ते तिला गोष्ट सांगत नसत, इतिहास सांगत. सुरुवातीला हीरो एकटा असायचा आणि त्याच्यासमोरचा खलनायक म्हणजे साधा गुंड, लबाड कंत्राटदार, भाडेकरूंना छळणारा घरमालक. मग डोकं फिरलेले शास्त्रज्ञ आले, मग युद्धातले हेर. (युद्धाच्या काळातल्या कॉमिक्समध्ये जपानी माणसांना सुळे दाखवलेले असत. तसला एक अंक त्यांच्याकडे होता, तो त्यांनी पुण्यातच ठेवला. "ज्यांचं मीठ खायला जायचं, त्यांच्या घरी असलं काही न्यायचं नाही," म्हणाले.) मग कुणाला तरी सुचलं, की सगळ्या हीरोंना एका टेबलाभोवती बसवावं.

"पण करायचे काय? मीटिंग! प्रत्येकाने आपापलं सांगायचं आणि आपापल्या वाटेने जायचं. अगदी आपल्या सोसायटीसारखं. खरी टीम नंतर झाली, भांडायला लागल्यावर."

मुलीला हे पटेना. ती टीव्हीवर बघायची ते जपानी हीरो पहिल्या दिवसापासून पाच जण असायचे, पाच रंगांचे, आणि भांडण वगैरे भानगड नाही. तिने मला जपानीत सांगितलं, "आजोबांना सांग, पाच नसतील तर टीम नसते." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "आपण तर घरात चारच आहोत." त्यावर तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. लाल ती स्वतः, निळा तिचा बाबा, पिवळी मी, हळदीमुळे असेल. हिरव्या आणि गुलाबी रंगाच्या जागा रिकाम्या. आणि खाली कोपऱ्यात काळ्या रंगाचा, मिशीवाला एक खलनायक.

मला लाज वाटली. बाबा मात्र हसले. "चालेल. खलनायकांच्या टोळ्या मला माहीत आहेत. बेत झकास करतात, पण पुढारी कोण यावरून फुटतात. आमची युनियन अशीच फुटली. पण पुढे काय झालं सांगू? हीरोंच्या टीममधली माणसं कमी पडली, तेव्हा जुने खलनायकच त्यांनी आत घेतले." हे म्हणताना ते तिच्याकडे बघत होते. ती पेन्सिल चावत बसली.

शाळेला सुट्टी लागली तशी दोघं दुपारी बागेतल्या बाकावर कॉमिक्स घेऊन बसू लागली. न्यायला सोपं पडावं म्हणून बाबांनी शंभर येनच्या दुकानातली पांढरी दोरी आणून सगळा गठ्ठा आडवा-उभा बांधला. वर हात घालायला एक फास ठेवला. पुण्यात माळ्यावरची पुस्तकं ते अशीच बांधून ठेवत. आणि गठ्ठा ठेवला दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ.

आता पुण्यात बांधलेला गठ्ठा म्हणजे जपून ठेवलेली वस्तू. इथे जुने कागद नेणारी गाडी येते त्या दिवशी, दाराशी, पांढऱ्या दोरीने बांधलेला गठ्ठा म्हणजे गोमी, कचरा. आणि माझा नवरा कचऱ्याच्या बाबतीत जपान्यांपेक्षा जपानी. सकाळी ऑफिसला निघताना त्याने तो उचलला, खाली नेऊन ठेवला आणि तोयोसुच्या बसमध्ये बसला.

"माझा गठ्ठा कुठे आहे?" बाबांनी विचारलं, आणि नवऱ्याने काय केलं असणार ते माझ्या लक्षात आलं. आम्ही तिघं जिने उतरून धावलो. बाबांच्या अंगात नुसता स्वेटर, पायात घरातल्या सपाता. कचऱ्याच्या जागी काही नव्हतं. कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून लावतात ती जाळीसुद्धा घडी करून ठेवलेली. गाडी येऊन गेली होती.

बाबांनी जाळी उचलून खाली पाहिलं. "जाऊ दे," म्हणाले. "रद्दीतून आली, रद्दीत गेली." त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. आईचे दिवस करताना होता तसाच होता.

तेवढ्यात सायकलींच्या शेडमधून हिरवा एप्रन घातलेली एक वयस्क बाई आली. त्या आठवड्यात कचऱ्याच्या देखरेखीची पाळी तिची होती. हातात बाबांचा गठ्ठा, फासात बोटं घालून धरलेला. ती बाबांकडे बघून हळूहळू बोलू लागली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण माझी मुलगी आधीच आजोबांचा स्वेटर ओढत होती.

"आजोबा, ती म्हणते, फेकायचं असेल तर असं हातात धरायला कोण करतं? म्हणून तिने गाडीला दिलं नाही." मग बाई आणखी काही बोलली. मुलगी थांबली, शब्द शोधू लागली. "तिचं घर समुद्राजवळ होतं. पाणी आलं. सगळं गेलं. मग... कोणीतरी चिखलातून तिचे फोटो काढले. धुतले. तिला दिले. तिला माहीत नाही कोणी. म्हणून आता ती पण बघते."

सलग एवढं मराठी मी माझ्या मुलीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाबा त्या बाईपुढे कमरेत वाकले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून हातही जोडले. बाई त्यांच्याहून खाली वाकली. मी तिथेच, कचऱ्याच्या जाळीशेजारी, ढसाढसा रडले. भूकंपानंतर इथे का राहिलो, हे मला कुणाला कधी नीट सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून बाबांनी तो प्रश्न विचारायचं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला बेसनाचे लाडू दिले. डबा रिकामा परत आला नाही, त्यात संत्री होती. संध्याकाळी फ्रिजवर नवीन चित्र लागलं. हिरव्या जागी एप्रनवाली आजी. आणि उरलेल्या एकमेव जागी, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, मिशीवाले आजोबा.

"गुलाबी?" नवरा हसू दाबत म्हणाला.

"गुलाबी तर गुलाबी," बाबा म्हणाले. "टीममध्ये घेतलं ना?"

जाताना गठ्ठा त्यांनी नातीकडे ठेवला. ते पुण्याला पोचल्यावर पहिल्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी जन्मभर पांढऱ्याशिवाय रंग अंगाला लावला नव्हता, आईने आणलेला साधा आकाशी शर्टसुद्धा त्यांनी बदलून आणायला लावला होता. त्या दिवशी ते पंख्याखाली ताठ बसले होते, अंगात नवाकोरा गुलाबी शर्ट.