थंड पाण्याच्या पट्ट्या

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातली थोरली चिडून म्हणाली, "आजी, पेशंटचे नातेवाईक इंटरनेटवर वाचून येतात आणि मलाच डॉक्टरकी शिकवतात!" मी हसले. फोन ठेवल्यावर वाटले, हसायला नको होते. म्हणून हे आजच लिहिते. बाकीच्यांनीही वाचा.

ऐंशीच्या दशकात मी एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. एका मार्चमध्ये गावकऱ्यांनी आठेक वर्षांच्या मुलीला खाटेवर घालून आणले. सोबत तिची आई होती. पहाटेच्या गारठ्यात मोहफुले वेचायला गेलेली मुलगी हातपाय दुखून विव्हळत होती, अंगात ताप होता. रक्ताची काचपट्टी मलेरियासाठी तपासून घेतली, मलेरिया नव्हता. मी संधिवाताचा ताप असे निदान लिहिले आणि नर्सला थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला, अंग पुसायला सांगितले.

आई आडवी आली. "थंडं पानी नोका लावू, बाई. थंडीनंच तिचे हाडं दुखतेत."

"मग ताप कसा उतरेल?"

"माझ्या भावाच्या लेकरायले बी असंच होते. सासरी बी हाय. माझं सासर म्हंजे मामाचंच घर."

मामाच्या घरी मुलगी द्यायची त्यांची रीत होती. मला वाटले, आता करणी-भानामती सुरू होणार.

"डॉक्टर कोण? तू की मी?" अशा बायकांना मी अगंतुगंच करत असे.

"तुमीच, बाई. मले त वाचता बी येत नाई. पर हे माझं तिसरं हाय. दोन गेले."

मी कंपाउंडरला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. तो हसला. काय म्हणाले ते आठवते, इथे लिहीत नाही.

पट्ट्या ठेवल्या. मुलगी कुडकुडत राहिली, दुखणे वाढले. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि ती गेली.

काही महिन्यांनी प्रशिक्षणात आम्हाला विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी दाखवल्या. सिकलसेल. आईबापांच्या दोन्हीकडून उतरणारा, थंडीने उसळणारा आजार. मी तो कॉलेजात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण माझ्या पुस्तकातले रुग्ण आफ्रिकेतले होते. परत येऊन मी त्या मुलीची काचपट्टी शोधून काढली. पेशी वाकड्याच होत्या. तपासणाऱ्याने फक्त मलेरिया शोधला होता. मी तर तेव्हा ती पाहिलीही नव्हती.

मी गावात गेले. आई धानाच्या बांधीत तण निंदत होती.

"तुझं खरं होतं," मी म्हटले.

"मले मालूम हाय. तुमाले सांगतलं त होतं." मग बांधावर बसलेल्या धाकट्या मुलीला तिने दंडाला धरून पुढे केले. "आता हिचं पाहा."

माफी मागायचे ठरवून गेले होते. मागितली नाही. धाकटीचे रक्त घेतले. तिलाही तोच आजार निघाला. गेलेल्या मुलीच्या कागदावरचे निदानही मी बदलले नाही.

ती बाई आता नाही. धाकटी आहे. हिवाळ्यात तिचे हातपाय अजून दुखतात.